तिशी-चाळिशीत के-पॉपचं वेड लागलंय? लाजू नका, खरी मजा याच वयात आहे

मुलीच्या खोलीतून रोज कानावर पडणारं गाणं एक दिवस भाजी निवडताना आपल्याच तोंडात येतं. किंवा रील्स बघता बघता सात मुलं एका तालात नाचताना दिसतात. आपण तो व्हिडिओ दुसऱ्यांदा बघतो, मग तिसऱ्यांदा, आणि रात्री साडेबारा वाजता ‘तो निळ्या केसांचा मुलगा कोण?’ हे शोधत बसतो. कुणी मुलांच्या हट्टाखातर नेटफ्लिक्सवर ‘केपॉप डीमन हंटर्स’ लावतं. मुलं झोपून जातात आणि आई-बाबा मात्र त्यातली गाणी पुन्हा ऐकत असतात.

मग घरातून, ऑफिसातून किंवा शाळेच्या जुन्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून ठरलेला प्रश्न येतो. “या वयात?”

के-पॉप म्हणजे शाळा-कॉलेजातल्या पोरींचं खूळ, हा समज पक्का आहे. पण मोठेपणी चाहते झालेल्यांना यातून जे मिळतं ते सोळाव्या वर्षी मिळणं अवघड असतं. ते नेमकं काय, कशामुळे मिळतं आणि त्यात सांभाळायचं काय, हे समजून घेऊ.

आधी थोडक्यात: के-पॉप आलं कुठून?

एप्रिल १९९२. दक्षिण कोरियातल्या एमबीसी वाहिनीवरच्या एका स्पर्धेत ‘सो तेजी अँड बॉइज’ नावाचं त्रिकूट आलं. अमेरिकन रॅप, नाच आणि कोरियन शब्द असं मिश्रण त्यांनी सादर केलं. परीक्षकांनी त्यांना सर्वांत कमी गुण दिले. पण देशातली तरुण पिढी त्याच गाण्यावर फिदा झाली आणि कोरियन पॉप संगीताची दिशा बदलली. त्या तिघांपैकी एक, यांग ह्यून-सोक, याने पुढे ‘वायजी’ ही कंपनी काढली. बिगबँग आणि ब्लॅकपिंक हे गट याच कंपनीतून आले.

१९९६मध्ये ‘एसएम’ कंपनीने ‘एच.ओ.टी.’ हा मुलांचा गट आणला आणि आज दिसणारी पद्धत रुळली. कंपनी किशोरवयीन मुलं-मुली निवडते, त्यांना अनेक वर्षं गाणं, नाच, भाषा आणि कॅमेऱ्यासमोर वावरणं शिकवते आणि मग त्यांचा गट लोकांसमोर आणते. शिकत असलेल्यांना ‘ट्रेनी’ म्हणतात आणि लोकांसमोर आलेल्यांना ‘आयडॉल’.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत आहे. २०१२मध्ये साय या गायकाचं ‘गंगनम स्टाइल’ हे यूट्यूबवर १०० कोटी व्ह्यूज गाठणारं पहिलं गाणं ठरलं. २०१३मध्ये बीटीएस आला आणि २०२०मध्ये त्यांचं ‘डायनामाइट’ अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. २०२३मध्ये ब्लॅकपिंकने कोचेला या मोठ्या अमेरिकन संगीत महोत्सवात मुख्य कलाकार म्हणून कार्यक्रम केला. २०२५मध्ये तर ‘केपॉप डीमन हंटर्स’मधल्या काल्पनिक गटाचं ‘गोल्डन’ हे गाणंही हॉट १००मध्ये पहिलं आलं.

‘आमच्या वेळची गाणी’ का सुटत नाहीत?

माणसाला साधारण १० ते ३० या वयातल्या गोष्टी इतर वयातल्या गोष्टींपेक्षा जास्त ठळक आठवतात. मानसशास्त्रात याला ‘रेमिनिसन्स बम्प’ म्हणतात. गाण्यांचंही तसंच होतं. कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकलेलं गाणं पन्नाशीतही काळजाला हात घालतं, कारण त्यात कट्टा असतो, मित्र असतात, तेव्हाचे आपण असतो. त्यामुळे तिशी ओलांडली की आपण नवं ऐकण्यापेक्षा जुनंच पुन्हा लावतो.

पण याचा अर्थ नव्या गाण्याला मनाचं दार बंद होतं असा नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं होतं, की आवडत्या गाण्यातली सर्वांत आवडती जागा आली की मेंदूत डोपामिन स्रवतं. ती जागा येणार आहे, या नुसत्या अपेक्षेनेही मेंदूच्या दुसऱ्या एका भागात ते स्रवतं. ही यंत्रणा विसाव्या वर्षी बंद पडत नाही. तिला खाद्य द्यावं लागतं, इतकंच.

के-पॉप इथे वेगळं पडतं. मराठी किंवा हिंदी नवं गाणं ऐकताना आपण नकळत तुलना करतो. ‘पूर्वीसारखे शब्द राहिले नाहीत’, ‘ही चाल त्या गाण्यावरून घेतलीय’. कोरियन गाण्याशी आपली कुठलीच जुनी आठवण जोडलेली नसते. तुलनेला काही हाताशी नसतं आणि शब्द कळत नसल्याने त्यांच्यावर टीकाही करता येत नाही. राहतो तो ताल, आवाज आणि नाच. कोऱ्या पाटीवर लिहिणं सोपं जातं, तसंच हे.

मजा पहिली: पुन्हा पहिलीत बसणं

चाळिशीपर्यंत माणूस आपल्या कामात तरबेज झालेला असतो. ऑफिसात लोक त्याला विचारायला येतात, घरात निर्णय तोच घेतो. चुकायची मुभा कमी होत जाते. नवं काही शिकलंच तर ते उपयोगाचं हवं, म्हणजे एखादं सॉफ्टवेअर, एखादा कोर्स, नाहीतर वजन कमी करायला योगासनं.

के-पॉपमध्ये शिरताना मात्र आपण ठार अडाणी असतो. ‘सेव्हन्टीन’ या गटात तर १३ जण. मग नाव सेव्हन्टीन का? १३ सदस्य, त्यांचे तीन उपगट आणि सगळे मिळून एक संघ, म्हणजे १३ अधिक ३ अधिक १. हे कळल्यावर जो आनंद होतो त्याचा व्यवहारात काडीचाही उपयोग नाही, आणि म्हणूनच तो निखळ आहे. तेरा चेहरे ओळखायला महिना लागतो. केसांचा रंग बदलला की अभ्यास पुन्हा पहिल्यापासून.

शब्दही नवे. ‘बायस’ म्हणजे गटातला तुमचा सर्वांत लाडका सदस्य. ‘बायस रेकर’ म्हणजे ती निष्ठा डळमळीत करणारा दुसरा. ‘मकने’ म्हणजे गटातलं शेंडेफळ. आणि ‘कमबॅक’ म्हणजे निवृत्तीनंतरचं पुनरागमन नव्हे. गटाचं प्रत्येक नवं गाणं किंवा अल्बम येतो, त्याला कमबॅकच म्हणतात.

उशिरा आल्याचा एक मोठा फायदाही आहे. बीटीएसचा ‘रन बीटीएस’ हा गमतीजमतींचा कार्यक्रम २०१५मध्ये सुरू झाला. सेव्हन्टीनचा ‘गोइंग सेव्हन्टीन’ यूट्यूबवर आहे. नाचाच्या तालमीचे व्हिडिओ, पडद्यामागचे व्हिडिओ, जुने कार्यक्रम असा वर्षानुवर्षांचा ऐवज तयार असतो. जुने चाहते आठवड्याला एक भाग बघत वाढले, तुम्हाला मात्र अख्खा फराळाचा डबा एकदम हाती लागतो.

मजा दुसरी: मराठी माणसाला जवळची वाटणारी भाषा

बरेच चाहते काही महिन्यांत कोरियन लिपीकडे वळतात आणि तिथे सुखद धक्का बसतो. ‘हंगुल’ ही लिपी राजा सेजोंगच्या काळात, १४४३मध्ये तयार झाली आणि १४४६मध्ये लोकांसमोर आली. चिनी चिन्हं शिकणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं, म्हणून ती मुद्दाम सोपी घडवली गेली. मूळ अक्षरं फक्त २४, त्यात १४ व्यंजनं आणि १० स्वर. काही व्यंजनांचे आकार तर तोंडाच्या ठेवणीवरून घेतलेत. ‘म’चं अक्षर म्हणजे साधा चौकोन, तोंडाचं चित्र. ‘न’चं अक्षर म्हणजे टाळूकडे टोक उचललेली जीभ. व्यंजन आणि स्वर एकत्र बांधून एक अक्षर होतं, त्यामुळे बाराखडी घोकलेल्या माणसाला ती कल्पना परकी वाटत नाही.

उच्चारातही आपल्याला थोडी आघाडी मिळते. ‘प’ आणि ‘फळ’मधला ‘फ’, ‘क’ आणि ‘ख’ यांतला श्वासाचा फरक कोरियनमध्येही अर्थ बदलतो. इंग्रजीत वाढलेल्याला तो कानाने पकडायला कष्ट पडतात, आपण तो शाळेत जायच्या आधीपासून बोलतो. तरीही सगळं सोपं नाही. कोरियनमध्ये घसा आवळून काढायचे काही आवाज आहेत, त्यांना मराठीत जोड नाही.

वाक्यरचना तर ओळखीचीच. ‘मी सोलला जाते’ या वाक्यातला क्रम कोरियनमध्येही तोच. आधी मी, मग सोल, ‘ला’सारखा प्रत्यय सोलच्या मागे आणि क्रियापद शेवटी.

सगळ्यात गंमत नात्यांच्या शब्दांत आहे. मोठ्या माणसाला नुसतं नावाने हाक मारणं कोरियात उद्धटपणा. मुलगी मोठ्या भावाला ‘ओप्पा’ म्हणते आणि मोठ्या बहिणीला ‘उन्नी’. मुलगा मोठ्या भावाला ‘ह्योंग’ म्हणतो आणि मोठ्या बहिणीला ‘नूना’. रक्ताचं नातं असायलाच हवं असं नाही, ओळखीच्या मोठ्यांनाही हेच शब्द लागतात. शेजारच्या माणसाला दादा आणि ताई म्हणत वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. गटातला एखादा सदस्य ‘ह्योंग’ म्हणायचं मुद्दाम टाळून मोठ्याची खोडी काढतो तेव्हा सबटायटल वाचणाऱ्या इंग्रज प्रेक्षकाच्या हातून तो विनोद निसटतो. आपल्याला मात्र तो लगेच कळतो.

मजा तिसरी: वाट बघायला काहीतरी असणं

मोठेपणी कॅलेंडरवर काय असतं? ईएमआयची तारीख, विम्याचा हप्ता, मुलांच्या परीक्षा, आईच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट. आवडीने वाट बघावी अशा तारखा फार थोड्या.

के-पॉप हे वाट बघायला लावण्यात तरबेज आहे. कमबॅकच्या काही आठवडे आधी वेळापत्रक जाहीर होतं. अमुक दिवशी फोटो, तमुक दिवशी गाण्यांची यादी, मग टीझर, मग गाणं. कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथे गाणी बहुतेकदा संध्याकाळी सहा वाजता येतात, म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीच. जेवणाची सुट्टी संपवून कामाला लागल्यावर नवं गाणं येतं आणि अनेक ऑफिसांत अडीचच्या सुमारास कुणीतरी हळूच इअरफोन चढवतं. मॅकगिलच्या अभ्यासात अपेक्षेच्या आनंदाबद्दल जे दिसलं, ते इथे अनुभवायला मिळतं.

बीटीएसच्या चाहत्यांनी तर वाट बघण्याचा कळस केला. दक्षिण कोरियात पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे. गटातला सर्वांत मोठा, जिन, डिसेंबर २०२२मध्ये भरती झाला आणि शेवटच्या सदस्याची सेवा जून २०२५मध्ये संपली. अडीच वर्षं चाहते एकेकाच्या सुटकेची तारीख मोजत होते.

मजा चौथी: नवा गोतावळा

तिशीनंतर नवे मित्र जोडणं अवघड, हा अनेकांचा अनुभव आहे. ओळखी होतात त्या कामाच्या किंवा मुलांच्या शाळेच्या. ‘अमक्याची आई’ हीच ओळख. फॅन ग्रुपमध्ये मात्र नाशिकची बँक कर्मचारी, सोलापूरची शिक्षिका आणि न्यू जर्सीतली मराठी सून एका गाण्याच्या अर्थावर तासभर गप्पा मारू शकतात. तिथे कुणी पगार विचारत नाही की लग्नाचं विचारत नाही. प्रश्न असतो, “तुझा बायस कोण?”

हे फक्त परदेशातल्या चाहत्यांचं नाही. खुद्द कोरियात मोठ्या वयाचे चाहते ही जुनी गोष्ट आहे. २००७मध्ये ‘वंडर गर्ल्स’ गटाचं ‘टेल मी’ गाजलं तेव्हा मध्यमवयीन पुरुष चाहत्यांसाठी ‘काका फॅन’ अशा अर्थाचा शब्द रूढ झाला.

याहून बोलकं उदाहरण लिम यंग-वूंगचं. तो ‘ट्रॉट’ या जुन्या धाटणीच्या लोकप्रिय संगीताचा गायक. २०२०मध्ये टीव्हीवरची ‘मिस्टर ट्रॉट’ स्पर्धा तो जिंकला. त्याच्या चाहत्यांत मध्यमवयीन आणि ज्येष्ठ महिला मोठ्या संख्येने आहेत. त्यांनी आयडॉल गटांच्या तरुण चाहत्यांच्या सगळ्या रीती उचलल्या. ऑनलाइन तिकिटं काढणं, गाणी स्ट्रीम करणं, एकाच रंगाचे कपडे घालणं. एप्रिल २०२३मध्ये लिम सोलमधल्या एका फुटबॉल सामन्याची सुरुवात करायला जाणार होता. त्याच्या चाहत्यांचा रंग आकाशी आणि नेमका पाहुण्या संघाचाही रंग आकाशी. यजमान संघाच्या मैदानात ते बरं दिसणार नाही, म्हणून चाहत्यांना तो रंग न घालण्याची विनंती करण्यात आली आणि त्यांनी ती पाळली. सामन्याला ४५ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. आजीच्या वयाच्या बायकांनी फुटबॉल मैदानातली शिस्त दाखवून दिली, याचं कोरियात कौतुक झालं.

चाहत्यांची ही ताकद समाजाच्या कामीही येते. जून २०२०मध्ये बीटीएसने अमेरिकेतल्या ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ चळवळीला १० लाख डॉलर दिले, तेव्हा त्यांच्या ‘आर्मी’ या चाहतावर्गाने साधारण एका दिवसात तेवढीच रक्कम उभी केली. भारतातल्या आर्मीनेही २०२१मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत मदतनिधी गोळा केला होता.

आता दुसरी बाजू: खिसा, वेळ आणि भान

के-पॉप हा मोठा धंदा आहे आणि त्याला तुमच्या खिशाचं वजन नेमकं माहीत असतं. कोरियन अल्बमच्या आत ‘फोटोकार्ड’ म्हणजे सदस्याचा छोटा फोटो असतो, पण कुणाचा निघेल ते पाकीट फोडल्याशिवाय कळत नाही. लाडका सदस्य मिळेपर्यंत लोक तोच अल्बम पुन्हा पुन्हा घेतात. सीडी वाजवायचं यंत्र घरात नसलेली माणसंही सीडीचे गठ्ठे विकत घेतात, त्याचं एक कारण हे. भारतात मागवताना शिपिंग आणि कस्टम ड्युटी वेगळीच.

दुसरा सापळा भावनेचा. पडद्यावरच्या व्यक्तीशी प्रेक्षकाचं जे एकतर्फी नातं जुळतं, त्याला डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६मध्येच ‘पॅरासोशल’ हा शब्द वापरला होता. आज ‘बबल’सारखी अॅप्स पैसे घेऊन ते नातं दोन्हीकडून असल्याचा भास देतात. कलाकार एकच मेसेज सगळ्यांना पाठवतो, पण प्रत्येकाच्या फोनवर तो खासगी चॅटसारखा दिसतो. त्यात तुमचं नावही आपोआप घातलं जातं.

तिसरी गोष्ट कलाकारांच्या आयुष्याची. २००९मध्ये ‘टीव्हीएक्सक्यू’ गटातल्या तिघांनी १३ वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात धाव घेतली. त्यानंतर कोरियाच्या व्यापार आयोगाने सात वर्षांच्या मर्यादेचा नमुना करार आणला. २०१७मध्ये जोंगह्यून आणि २०१९मध्ये सली या तरुण कलाकारांच्या मृत्यूंनी या क्षेत्रातला मानसिक ताण जगासमोर आणला. सलीला ऑनलाइन छळ सोसावा लागला होता. तिच्या मृत्यूनंतर कोरियातल्या ‘दाउम’ या मोठ्या पोर्टलने मनोरंजनाच्या बातम्यांखालच्या कमेंट्स बंद केल्या.

इथे वयाचा फायदा होतो. पंधराव्या वर्षी ‘तो माझ्याशीच बोलतोय’ असं वाटू शकतं. चाळिशीत नोकरी केलेल्या माणसाला कंपनी, करार, ओव्हरटाइम आणि बॉस म्हणजे काय ते ठाऊक असतं. विशीतल्या पोराचा सुजलेला गुडघा दिसला की त्याला आधी ‘अरे, याला सुट्टी द्या’ असं वाटतं. आपल्या लाडक्याच्या डेटिंगच्या बातमीने त्याचा संसार मोडत नाही, उलट ‘चला, बरं झालं’ म्हणून तो मोकळा होतो. प्रेम असावं पण मालकी नसावी, हे वयाने शिकवलेलं असतं.

पण लोक हसतात, त्याचं काय?

क्रिकेटच्या सामन्यासाठी रजा टाकणारा, अंगावर खेळाडूच्या नावाची जर्सी घालणारा पन्नाशीचा गृहस्थ ‘दर्दी’ ठरतो. लाइटस्टिक घेऊन नाचणारी पंचेचाळीसची बाई मात्र ‘येडी’ ठरते. वेड दोन्हीकडे सारखंच आहे. फरक ते कुणाचं आहे यात आहे. बायकांना आणि मुलींना जे आवडतं ते उथळ, ही समजूत जुनी आहे.

तसं मोठ्या माणसांनी कलाकारावर जीव टाकणं महाराष्ट्राला नवं नाही. बालगंधर्वांच्या नाटकांना मिळणारे ‘वन्समोअर’ आणि त्यांच्यासारखं लुगडं नेसायची घराघरांतल्या बायकांची हौस यांच्या कथा आजही सांगितल्या जातात. ते चाहते काही शाळकरी पोरं नव्हते.

आणि वयाचाच प्रश्न असेल तर कलाकारही मोठे होतातच की. सुपर ज्युनियर हा गट २००५चा, बिगबँगचा जी-ड्रॅगन १९८८ सालचा. तुमच्या वयाचे आयडॉल शोधले तर सापडतात.

सुरुवात करायची असेल तर

- एकच गट निवडा. सगळे एकदम ओळखायला गेलात तर दमाल.
- आधी गाण्याचा व्हिडिओ, मग त्याच नाचाच्या तालमीचा व्हिडिओ बघा. कॅमेऱ्याच्या करामती वगळल्या की मेहनत दिसते.
- हंगुलची २४ अक्षरं एका शनिवार-रविवारी शिकून बघा. गाण्याची नावं वाचता आली की फार बरं वाटतं.
- महिन्याची रक्कम ठरवा आणि ती ओलांडू नका. गाणी ऐकायला अल्बम विकत घ्यावाच लागतो असं नाही.
- दोन गटांच्या चाहत्यांच्या ऑनलाइन भांडणात पडू नका. तिथे कुणीच जिंकत नाही.
- घरात कुणी टीनएजर चाहता असेल तर त्याला गुरू करा. आई किंवा बाबा शिष्य झालेले बघण्यात त्याला जी मजा येते ती वेगळीच.

के-पॉपही आता दूरचं राहिलेलं नाही. ‘गॉट सेव्हन’ गटातला जॅक्सन वांग २०२३मध्ये मुंबईत लोलापलूझा महोत्सवात गाऊन गेला. बीटीएसच्या मागची ‘हाईब’ ही कंपनी २०२५मध्ये मुंबईत आली. उद्या शिवाजी पार्कात किंवा एफसी रोडवर रँडम गाणी लावून मुलं नाचताना दिसली, तर बाजूला उभं राहून टाळ्या वाजवा. स्टेप येत असेल तर मध्ये घुसा. कुणी “या वयात?” विचारलंच, तर तुमचा बायस कोण ते सांगा आणि त्याला एक गाणं पाठवा. पुढच्या आठवड्यात तोच निळ्या केसांच्या मुलाचं नाव विचारायला येण्याची शक्यता बरीच आहे.